संशयाचा अधिकार आणि आरोपाचे ओझे

पृच्छक : सत्ताधारी माणसे बंद दाराआड एकत्र येतात, जगाला एक सांगतात आणि प्रत्यक्षात दुसरेच ठरवतात, हे इतिहासात इतक्या वेळा सिद्ध झाले आहे की तशी शंका घेणाऱ्याला पहिल्याच वाक्याला वेडगळ ठरवणे हा विचाराचा आळस होय. १९५६ च्या ऑक्टोबरात, २२ ते २४ या तीन दिवसांत, पॅरिसजवळच्या सेव्र या गावी ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांचे प्रतिनिधी गुप्तपणे भेटले. इस्रायलने इजिप्तवर हल्ला करावा, मग ब्रिटन आणि फ्रान्स यांनी दोन्ही पक्षांना युद्ध थांबवण्याचा निर्वाणीचा इशारा द्यावा आणि त्या निमित्ताने सुएझ कालव्याच्या परिसरात आपले सैन्य उतरवावे, असा लेखी करार तेथे झाला. ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांनी आपल्याकडच्या प्रती नष्ट करण्याची खटपट केली आणि त्या डिसेंबरात कॉमन्स सभागृहाला सांगितले की इस्रायलच्या हल्ल्याची पूर्वकल्पना नव्हती. त्याआधी दोन वर्षे, १९५४ मध्ये, इस्रायलच्या लष्करी गुप्तचर विभागाने इजिप्तमधील काही ज्यू तरुणांकरवी कैरो आणि अलेक्झांड्रिया येथील अमेरिकी व ब्रिटिश संस्थांच्या जागी बॉम्ब ठेवले. त्याचा दोष इजिप्तमधल्याच इतर गटांवर जावा अशी योजना होती. तत्कालीन संरक्षणमंत्र्यांच्या नावावरून हे प्रकरण ‘लाव्होन प्रकरण’ म्हणून ओळखले जाते, आणि २००५ मध्ये इस्रायलने त्यातील हयात सहभागींचा सन्मानही केला. त्या काळी एखाद्या पत्रकाराने पुराव्याविना, केवळ तर्काच्या बळावर, यांपैकी एक गोष्ट लिहिली असती, तर तो ज्यूद्वेष्टा आहे एवढे म्हणून त्याचे तोंड बंद करता आले असते, आणि तरीही खरे तोच बोलत असता. ज्या आरोपाने सत्य बोलणाऱ्याचेही तोंड बंद होते, तो आरोप वापरताना किती काळजी घ्यायला हवी, हा पहिला प्रश्न आहे.

इतिहासज्ञ : सेव्रचा करार हे उदाहरण उत्तम आहे, कारण खरे कारस्थान कसे दिसते हे त्यातून कळते. त्याला स्थळ आहे, तीन दिवसांची मुदत आहे, खाली पॅट्रिक डीन, क्रिस्तियाँ पिनो आणि डेव्हिड बेन गुरियन यांच्या सह्या आहेत, एक मर्यादित हेतू आहे, आणि शेवटी अपयशही आहे. अमेरिकेच्या दडपणाखाली काही दिवसांतच युद्ध थांबवावे लागले आणि १९५७ च्या जानेवारीत ईडन पायउतार झाले. व्हिएन्नात ज्यू वंशाच्या कुटुंबात जन्मलेला आणि हिटलरच्या उदयामुळे देश सोडावा लागलेला तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याने १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ओपन सोसायटी अँड इट्स एनिमीज’ या ग्रंथात नेमका हाच भेद केला होता. कारस्थाने घडतात हे त्याला मान्य होते. परंतु समाजात जे जे वाईट घडते ते कोणा गटाने ठरवून घडवले म्हणूनच घडते, ही धारणा त्याने चुकीची ठरवली, कारण माणसांच्या कृतींचे परिणाम कधीच पूर्णपणे त्यांच्या योजनेप्रमाणे होत नाहीत. ‘षड्यंत्र-सिद्धान्त’ म्हणतात तो या दुसऱ्या धारणेला.

आता दुसऱ्या एका कागदाकडे पाहावे. ‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’, म्हणजे ज्यू वडीलधाऱ्यांच्या एका तथाकथित गुप्त बैठकीची इतिवृत्ते, प्रथम १९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या ‘झ्नाम्या’ या वृत्तपत्रात क्रमशः छापली गेली. ती छापणारा पावेल क्रुशेवान हा त्याच वर्षीच्या किशिनेव्ह येथील ज्यूंच्या कत्तलीला चिथावणी देणाऱ्या वृत्तपत्राचाही चालक होता. त्या कत्तलीत ४९ ज्यू मारले गेले. या इतिवृत्तांत बैठकीचे स्थळ नाही, तारीख नाही, एकाही सभासदाचे नाव नाही. मात्र उदारमतवाद, समाजवाद, वृत्तपत्रे, सुवर्णचलन, युद्ध आणि शांतता या साऱ्यांमागे एकच हात असल्याचे सांगितले आहे. १९२१ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चा कॉन्स्टँटिनोपलमधील वार्ताहर फिलिप ग्रेव्ह्ज याने दाखवून दिले की या मजकुराचा मोठा भाग मोरिस जोली या फ्रेंच वकिलाच्या १८६४ मधील एका पुस्तकातून उचललेला आहे. ते पुस्तक तिसऱ्या नेपोलियनच्या हुकूमशाहीवरील उपरोधिक टीका होते आणि त्यात ज्यूंचा संबंधच नव्हता. नरकात मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू यांची गाठ पडते आणि ते राज्यसत्तेविषयी वाद घालतात, अशी त्याची रचना. पुढे इतिहासकार नॉर्मन कोहन यांनी दोन्ही संहिता शेजारी ठेवून दाखवले की १६० हून अधिक उतारे, म्हणजे प्रोटोकॉल्सचा जवळपास दोन पंचमांश भाग, जोलीवर बेतलेला आहे. खोटा दस्तऐवज रचणाऱ्याने मुख्यतः मॅकियाव्हेलीच्या तोंडचे बोलणे उचलले, ते ज्यू वडीलधाऱ्यांच्या तोंडी घातले, आणि प्रत्येक विधानाला हरकत घेणारा माँतेस्क्यू गाळून टाकला. एका संवादातून प्रतिपक्ष काढून घेतला की जे उरते ते हेच. षड्यंत्र-सिद्धान्ताचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण आहे.

पृच्छक : हा इतिहास निर्विवाद आहे, आणि त्यातील क्रौर्य लक्षात घेता तो पुन्हा पुन्हा सांगितला पाहिजे हेही मान्य. पण त्याचा आज होणारा उपयोग तपासायला हवा. २००६ च्या मार्चमध्ये जॉन मिअरशायमर आणि स्टीफन वॉल्ट या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी ‘लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये इस्रायलच्या बाजूने अमेरिकेत काम करणाऱ्या दबावगटांवर दीर्घ निबंध लिहिला आणि पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक केले. हा दबावगट म्हणजे गुप्त टोळी नव्हे, त्यात ज्यू नसलेले लोकही आहेत, सर्व ज्यू त्यात नाहीत आणि त्याचे काम अमेरिकी राजकारणातील इतर कोणत्याही हितसंबंधी गटासारखेच उघड व कायदेशीर आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. तरीही अमेरिकेतील प्रतिष्ठित वृत्तपत्रांत त्या लेखनाला ज्यूद्वेषी म्हटले गेले, आणि तसे म्हणणाऱ्यांत त्यांचे सहव्यवसायी प्राध्यापकही होते. म्हणजे नावे, संस्था, रकमा, कायदे अशा तपासता येण्याजोग्या गोष्टींवर बोलणाऱ्यालाही, त्याने काय म्हटले यापेक्षा त्याच्या मनात काय असेल यावरून दोषी धरता येते. आरोपीने नाकारले, तर तो आपला द्वेष लपवतो आहे. कबूल केले, तर प्रश्नच मिटला. आणि आपले ज्यू मित्र असल्याचे सांगितले, तर तो पुरावाच झाला.

युक्तिवादाची ही घडण ओळखीची आहे. ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’ हे वृत्तपत्र प्रोटोकॉल्सना बनावट म्हणते, हाच ती खरी असल्याचा उत्तम पुरावा, असे हिटलरने ‘माइन काम्फ’मध्ये लिहिले होते. नकारालाच पुरावा मानणारी जी विचारपद्धती षड्यंत्र-सिद्धान्ताचा प्राण आहे, तीच जर ज्यूद्वेषाच्या आरोपात शिरली, तर त्या आरोपालाही खोटे ठरण्याची वाट उरत नाही. या दोहोंचे नैतिक वजन समान नाही, हे उघड आहे. एकाने माणसे मारली आहेत आणि दुसऱ्याने फार तर प्रतिष्ठा घालवली आहे. पण सत्य शोधण्याच्या दृष्टीने दोन्ही दारे सारखीच बंद होतात.

येथे वादाची पातळी बदलते आणि हे वळण नोंदवण्याजोगे आहे. कारस्थाने खरी असतात की नसतात, हा मूळ प्रश्न दोघांनीही आता सोडून दिला आहे. ज्या विधानात ज्यूंचा उल्लेखच नाही त्याचा अर्थ कोणी आणि कशावरून ठरवायचा, हा त्याहून अवघड प्रश्न पुढे आला आहे. या विषयावरील बहुतेक सार्वजनिक भांडणे पहिल्याच प्रश्नापाशी घुटमळतात आणि म्हणून वर्षानुवर्षे जागची हलत नाहीत.

इतिहासज्ञ : मनात काय आहे यावर निवाडा करू नये, हे तत्त्व मान्य करता येते, पण त्यामुळे निवाडाच करता येत नाही असे होत नाही, कारण विधानाची रचना उघड्यावर असते. मिअरशायमर आणि वॉल्ट यांच्यावर नोम चॉम्स्की यांनी घेतलेला आक्षेप याच जातीचा होता. त्यांनी हेतूवर बोट ठेवले नाही. अमेरिकेच्या पश्चिम आशियाई धोरणामागची तेलाची आणि सामरिक वर्चस्वाची कारणे बाजूला सारून सारा भार एका दबावगटावर टाकल्याने विश्लेषण लंगडे होते, एवढेच त्यांनी दाखवले. अशा हरकतीला उत्तर देता येते, आणि म्हणून ती हरकत न्याय्य आहे.

परंतु काही वेळा विधान इतके अपुरे ठेवलेले असते की ते पूर्ण करण्याचे काम ऐकणाऱ्यावरच सोपवले जाते. २०१७ च्या उन्हाळ्यात हंगेरीच्या सरकारने देशभर जॉर्ज सोरोस यांचा हसरा चेहरा असलेले मोठाले फलक लावले आणि या माणसाला शेवटी हसू देऊ नका, अशा अर्थाचे आवाहन त्यावर छापले. सोरोस हे १९३० मध्ये बुडापेस्टमध्ये जन्मलेले, नात्सी काळातून वाचलेले ज्यू आणि पुढे अमेरिकेत गडगंज झालेले वित्तव्यावसायिक. त्यांच्या प्रतिष्ठानाने एकेकाळी, पुढे हंगेरीचे पंतप्रधान झालेल्या, तरुण व्हिक्टोर ओर्बान यांना ऑक्सफर्डला शिकण्यासाठी शिष्यवृत्तीही दिली होती. फलकावर ‘ज्यू’ हा शब्द कोठेच नव्हता. पण काही दिवसांतच कित्येक फलकांवर येणाऱ्याजाणाऱ्यांनी तो शब्द शिवीसह हाताने लिहून टाकला. वाक्य कसे पूर्ण करायचे हे त्या माणसांना कोणी शिकवले नव्हते, कारण पडद्याआडून निर्वासितांचे लोंढे सोडणारा, राष्ट्र नसलेला, पैसेवाला म्हातारा ही प्रतिमा युरोपात शंभर वर्षांहून अधिक काळ तयार होती. हंगेरीतील ज्यू धर्मसंघटनांच्या महासंघाने ते फलक काढण्याची विनंती केली, तेव्हा त्यांना कोणाचे मन वाचण्याची गरज पडली नव्हती. भिंत वाचणे पुरेसे होते. पुढल्याच वर्षी, २७ ऑक्टोबर २०१८ रोजी, अमेरिकेतील पिट्सबर्गच्या एका सिनेगॉगमध्ये ११ जणांची हत्या झाली, आणि निर्वासितांना मदत करणारी ज्यू संस्था आक्रमकांना देशात आणते आहे, हा मारेकऱ्याचा दावा होता. फलक आणि गोळ्या यांत कार्यकारणाची सरळ रेषा काढणे चूक ठरेल. पण दोन्हींच्या मुळाशी असलेली कथा एकच आहे, हे न पाहणेही तितकेच चूक ठरेल.

पृच्छक : बुडापेस्टचे उदाहरण दुसऱ्या बाजूनेही वाचावे लागेल. इस्रायलच्या तेथील राजदूतांनी प्रथम त्या फलकांबद्दल चिंता व्यक्त केली. पण लगेच इस्रायलच्या परराष्ट्र मंत्रालयाने खुलासा केला की सोरोस हे इस्रायलच्या लोकनियुक्त सरकारांना सतत कमकुवत करू पाहणाऱ्या संस्थांना पैसा पुरवतात आणि त्यांच्यावरील टीका अवैध ठरवण्याचा उद्देश नव्हता. त्यानंतर काही दिवसांतच इस्रायलचे पंतप्रधान बुडापेस्टच्या दौऱ्यावर जाणार होते. म्हणजे जो फलक तेथील ज्यूंना ज्यूद्वेषी वाटला, तोच ज्यू राष्ट्राच्या मंत्रालयाला वैध टीका वाटला. आरोप करायचा की नाही हे जर परराष्ट्रनीतीच्या गरजेवर ठरत असेल, तर आरोप नाहक झेलावा लागणाऱ्याने त्याच्यामागे राजकारण आहे असे म्हणणे विकृतीचे लक्षण कसे मानावे?

हीच अडचण व्याख्यांत उतरली आहे. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृती आघाडी या आंतरसरकारी संस्थेने २०१६ मध्ये ज्यूद्वेषाची कामचलाऊ व्याख्या स्वीकारली. तिच्यासोबत ११ उदाहरणे आहेत आणि त्यांतील ७ इस्रायलशी संबंधित आहेत. ज्या जुन्या मसुद्यावरून ही व्याख्या घेतली गेली, त्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनी नंतर वारंवार सांगितले की तो मजकूर माहिती गोळा करणाऱ्यांच्या सोयीसाठी होता, विद्यापीठांत भाषणावर बंधने घालण्यासाठी नव्हता. स्टर्न हे स्वतः ज्यू आहेत, आपल्याला झायनवादी म्हणवतात आणि त्यांचे आयुष्य ज्यूद्वेषाच्या अभ्यासात गेले आहे. २०२१ मध्ये या विषयातील अनेक अभ्यासकांनी ‘जेरुसलेम घोषणापत्र’ नावाची पर्यायी व्याख्या मांडली, ती याच असमाधानातून. व्याख्या घडवणारे विद्वानच जेथे दोन गटांत उभे आहेत, तेथे महाविद्यालयातील शिस्तपालन अधिकाऱ्याने हातात ११ उदाहरणे धरून विद्यार्थ्यांच्या घोषणा तपासाव्यात, हे भयावह आहे.

इतिहासज्ञ : मंत्रालयाच्या खुलाशाने एवढेच सिद्ध होते की कोणतेही सरकार, ज्यू राष्ट्राचे असले तरी, जगातल्या सर्व ज्यूंचा प्रवक्ता नव्हे, आणि ही गोष्ट ज्यूद्वेष्ट्यांनी मान्य केली असती, तर अर्धी कत्तलखोरी टळली असती. आरोपामागे राजकारण असू शकते, हेही खरे. पण ‘आरोपामागे राजकारण आहे’ हे विधान स्वतःच एका कारस्थानाविषयीचे विधान आहे, आणि सेव्रला जी कसोटी लावली तीच त्याला लावली पाहिजे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेव्हिड हर्श यांनी या उत्तराच्या साच्याकडे लक्ष वेधले : एखाद्या ज्यूने दुखावल्याची तक्रार केली की तक्रारीतील मजकुराकडे न पाहता, इस्रायलवरील टीका दडपण्यासाठीच ती केली गेली, असे उत्तर मिळते. तक्रारदार चुकला असेल, ही शक्यता या उत्तरात विचारातच घेतली जात नाही. तो कोणाच्या तरी सांगण्यावरून जाणूनबुजून खोटे बोलतो आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते.

ब्रिटनच्या मजूर पक्षातील वादात हे सारे एकाच ठिकाणी आले. २०१२ मध्ये पूर्व लंडनमधील एका भिंतीवर चित्र रंगवले गेले, त्यात उघड्यावाघड्या माणसांच्या पाठीवर ठेवलेल्या पटाभोवती बसून पैशांचा खेळ खेळणारे काही धनिक होते आणि त्यांतील काहींचे चेहरे नात्सी व्यंगचित्रांतील ज्यूंची आठवण करून देणारे होते. चित्र पुसले जाणार असे कळताच, पुढे या पक्षाचे नेते झालेल्या जेरेमी कॉर्बिन यांनी चित्रकाराची बाजू घेणारी टिप्पणी केली, आणि २०१८ मध्ये ती उजेडात आल्यावर, आपण चित्र नीट पाहिले नव्हते, म्हणून खेद व्यक्त केला. २०२० च्या ऑक्टोबरात तेथील समानता व मानवी हक्क आयोगाने पक्षाला बेकायदा छळ आणि भेदभावाबद्दल जबाबदार धरले. पक्षाच्या वतीने वागणाऱ्यांनी ज्यूद्वेषाच्या तक्रारी बनावट किंवा बदनामीसाठी रचलेल्या असल्याचे म्हणणे, याचीही गणना आयोगाने त्या छळात केली. मात्र त्याच अहवालात असेही म्हटले की इस्रायलच्या सरकारवरील रास्त टीका, आणि पक्षात ज्यूद्वेष किती प्रमाणात आहे याविषयी कायद्याच्या चौकटीत स्वानुभवावरून मांडलेले मत, यांना अभिव्यक्तीचे संरक्षण आहे. त्याच दिवशी कॉर्बिन यांनी या समस्येचे प्रमाण राजकीय हेतूंनी अतिशय फुगवले गेले असे निवेदन केले आणि पक्षाने त्यांना निलंबित केले. ते निवेदन अहवालाच्या कोणत्या वाक्याखाली येते, संरक्षणाच्या की छळाच्या, यावर आजही प्रामाणिक माणसांचे एकमत नाही.

पृच्छक : आणि ते होणारही नाही, कारण ‘प्रमाण’ आणि ‘हेतू’ या दोन गोष्टी एकाच वाक्यात बसवलेल्या होत्या. प्रमाण मोजता येते; हेतू दाखवावा लागतो. या भेदावर एकमत शक्य आहे. पण मग ड्रेफस प्रकरणाकडे वळावे लागते, कारण तेथे दोन्ही पक्ष परस्परांवर कारस्थानाचाच आरोप करत होते. १८९४ मध्ये फ्रेंच सैन्यातील ज्यू अधिकारी आल्फ्रेड ड्रेफस याला जर्मनीला गुपिते विकल्याबद्दल शिक्षा झाली. त्याच्या सुटकेसाठी झटणाऱ्यांमागे ज्यू धनिकांचे एक ‘सिंडिकेट’ आहे, असे विरोधक म्हणत. आणि सैन्याचे अधिकारी मिळून खऱ्या गुन्हेगाराला वाचवत आहेत, असे समर्थक म्हणत. दुसरा आरोपही ऐकायला तितकाच अद्भुत होता, आणि तो खरा निघाला. १८९५ मध्ये गुप्तचर विभागाचा प्रमुख झालेल्या पिकार या अधिकाऱ्याने खऱ्या हेराचे, एस्तरहाझीचे, हस्ताक्षर ओळखले. पिकारच्या स्वतःच्या मनात ज्यूंविषयी आकस होता हे सर्वज्ञात आहे. तरीही पुराव्याने जिकडे नेले तिकडे तो गेला, आणि त्यासाठी बदली व तुरुंगवास त्याने सोसला. यावरून दोन गोष्टी निघतात : आकस असलेला माणूस सत्य सांगू शकतो, आणि म्हणून आकस सिद्ध केल्याने विधान खोटे ठरत नाही.

इतिहासज्ञ : तिसरीही गोष्ट निघते. पिकारच्या हाताखालच्या आँरी या अधिकाऱ्याने ड्रेफसविरुद्ध एक बनावट पत्र तयार केले. १८९८ च्या ऑगस्टमध्ये दिव्याच्या उजेडात पाहताना त्या कागदाच्या दोन तुकड्यांवरील आखणीच्या रेघा वेगवेगळ्या रंगांच्या निघाल्या, आँरीने कबुली दिली आणि कोठडीत आत्महत्या केली. ‘सिंडिकेट’वर विश्वास असणाऱ्यांनी येथे थांबायला हवे होते. पण शार्ल मोरा या लेखकाने ती बनवेगिरी हे देशभक्तीचे कृत्य ठरवले, आणि एका ज्यूद्वेषी वृत्तपत्राने आँरीच्या विधवेसाठी वर्गणी जमवली. एका बाजूला पुराव्याने मत बदलणारा आकसाचा माणूस, आणि दुसऱ्या बाजूला पुरावा कोसळल्यावर अधिकच घट्ट होणारी श्रद्धा. ज्याला ज्यूद्वेषी षड्यंत्र-सिद्धान्त म्हणायचे ते या दुसऱ्या ठिकाणी सापडते. आकस हा त्याचा कच्चा माल असेल, पण त्याची ओळख पटते ती त्याच्या या न बदलण्यात.

हा केवळ युरोपचा इतिहास नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टांची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय, स्थापन झाले. पोर्तुगालमध्ये बळजबरीने बाटवलेल्या ज्यूंचे वंशज, ज्यांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत, त्याचे आरंभीचे लक्ष्य होते. भारतातील औषधी वनस्पतींवर १५६३ मध्ये गोव्यातच ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता हा अशाच कुटुंबातला. तो मरण पावल्यावर, १५६९ मध्ये, त्याच्या बहिणीला गोव्यात जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. या लोकांपैकी काहीजण घराच्या आत खरोखरच ज्यू धर्म पाळत होते. पण ते रहस्य त्यांच्या स्वभावातून आले नव्हते. उघडपणे जगणे हा मृत्युदंडाचा गुन्हा केल्यामुळे ते निर्माण झाले होते. छळणाऱ्यांनी गुप्तता लादली आणि नंतर त्याच गुप्ततेला कपटाचा पुरावा मानले. तिकडे कोकणात, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायली ज्यू शतकानुशतके मराठी बोलत राहिले, आणि त्यांच्याभोवती अशी एकही कथा रचली गेली नाही. गावकऱ्यांना त्यांचे वेगळेपण दिसत होते आणि ते लपवण्याची गरज पडत नव्हती. आज मात्र ज्यूंविषयीची दंतकथा पसरायला शेजारी ज्यू असावा लागत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात नरिमन हाऊसमधील ज्यू केंद्रात ६ जणांना मारण्यात आले, आणि त्या पाठोपाठ पाकिस्तानच्या दूरचित्रवाणीवर, हा हल्ला झायनवाद्यांनी आणि त्यांच्या हिंदू साथीदारांनीच घडवला, अशी मांडणी झाली. तो हल्ला कारस्थान होते यात शंका नाही. त्याची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने २०१० मध्ये शिकागोच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला, हल्लेखोरांना दूरध्वनीवरून मिळणाऱ्या सूचना ध्वनिमुद्रित झाल्या होत्या, आणि ज्या बोटीतून ते आले तिचेही नाव माहीत आहे. एवढे सिद्ध झालेले कारस्थान समोर असताना ते नाकारून मारले गेलेल्यांनाच मारेकरी ठरवायचे, यात सत्तेला प्रश्न विचारण्याचे धैर्य कोठे आहे?

पृच्छक : ते तेथे नाही. पण या भेदाचा आधार पुराव्यावर आहे आणि पुरावा उशिरा येतो. ड्रेफसला निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडावे लागले. बनावट कागद आणि खरा कागद यांतला फरक वाद मिटल्यावर सांगणे सोपे असते. कागद तिजोरीत असताना, सरकार नाकारत असताना आणि विचारणारा एकटा असताना, त्याचा संशय आणि द्वेष्ट्याचा संशय बाहेरून सारखेच दिसतात. त्या मधल्या काळात त्याच्यावर आरोप करण्याचा अधिकार कोणाला द्यायचा?

इतिहासज्ञ : आणि त्याच मधल्या काळात पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये जाणाऱ्याने काय करायचे? संशय निरागस होता की नाही हे कळण्यासाठी त्याने वाट पाहायची का? संशय घेणाऱ्याने नावे घ्यावीत, समूह घेऊ नये. एक कृत्य सांगावे, साऱ्या जगाचा खुलासा करू नये. आणि आपले म्हणणे कशाने खोटे ठरेल हे आधीच सांगावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

पृच्छक : ती अपेक्षा मान्य, आरोप करणाऱ्यालाही ती लागू असेल तर. त्यानेही विधान दाखवावे, माणसाचे अंतरंग नव्हे. आणि काय घडले असते तर आपण हा आरोप केला नसता, हे सांगावे. पण हंगेरीचा फलक या कसोटीवर दोषी ठरत नाही. त्यात एकाच माणसाचे नाव होते, समूहाचे नव्हते.

इतिहासज्ञ : नाही ठरत, आणि तरीही तो दोषी होता. त्याला दोषी धरणारा नियम लिहायला गेले की त्याच नियमात एखाद्या ज्यू धनिकावर पुराव्यानिशी टीका करणारा पत्रकारही सापडतो. आणि पत्रकाराला वाचवणारा नियम लिहिला की फलक सुटतो.

पृच्छक : मग तो नियम कोणाच्या हाती देणे कमी धोक्याचे आहे, यावर बोलावे लागेल, आणि बुडापेस्टमध्ये फलक लावणारेही सरकारच होते.